कुरवंडे : रस्त्याने मागे टाकलेला घाटमाथा

जगातील अपरिचित स्थळांचा शोध घेणाऱ्या वाचकाची नजर बहुधा दूरदेशीच्या नकाशाकडे वळते. परंतु एखादे स्थळ अपरिचित का राहते, या प्रश्नाचा मुळापासून विचार केला तर अंतर हे त्याचे कारण क्वचितच असते, असे दिसून येते. अशी पुष्कळ स्थळे एके काळी चांगलीच वर्दळीची होती, आणि पुढे गाडीरस्ता दुसऱ्या खिंडीतून निघाला, रेल्वे भलत्याच बाजूने गेली किंवा बाजारपेठ हलली, म्हणून लोकांचे पाय त्यांच्याकडे वळेनासे झाले. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कुरवंडे हे गाव अशा स्थळांत मोडते. लोणावळा स्थानकापासून ते अवघ्या पाच-सहा किलोमीटरांवर आहे; पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी भुशी धरणाच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात, त्यांतील बहुतेक मोटारी पुढे टायगर पॉइंटकडे निघून जातात आणि कुरवंड्याला वळणारी वाट तुलनेने मोकळी राहते. याच गावाच्या परिसरात इंद्रायणीचा उगम आहे, येथूनच कोकणात उतरणारी एक जुनी घाटवाट सुटते, आणि याच वाटेच्या पायथ्याशी १६६१ साली मराठ्यांच्या इतिहासातील एक विलक्षण लढाई झाली.

हा प्रदेश समजून घेण्यासाठी काही संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. सह्याद्रीची पूर्वेकडील बाजू दख्खनच्या पठाराला हळूहळू मिळते, तर पश्चिमेकडील बाजू एकदम तुटते. हा तुटलेला उभा भाग म्हणजे कडा, आणि कड्याच्या वरची पठारी कड म्हणजे घाटमाथा. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी, माणसांच्या आणि ओझ्याच्या जनावरांच्या पायांनी रुळलेली वाट म्हणजे घाटवाट. डोंगराचा जो लांबट फाटा मुख्य रांगेपासून खाली उतरत जातो त्याला सोंड म्हणतात, तर दोन उंचवट्यांमधील अरुंद जागेला खिंड म्हणतात. हे सारे आकार ज्या काळ्या खडकातून घडले आहेत तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हारसाचा असून, थरावर थर साचत गेल्यामुळे कड्यांना पायऱ्यांसारखी ठेवण आली आहे. कठीण थर उभे राहतात आणि मऊ थर झिजून त्यांचे आडवे पट्टे होतात. कुरवंड्याच्या कडेवर उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिले असता हे पट्टे एकाच पातळीत दूरवर गेलेले दिसतात, आणि मधली दरी पाण्याने कोरून काढलेली आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंद्रायणी हे नाव मराठी माणसाच्या कानाला देहू आणि आळंदीमुळे परिचित आहे. तुकोबांच्या गाथेची कथा याच नदीच्या डोहाशी जोडलेली आहे, ज्ञानेश्वरांची समाधी याच नदीच्या काठी आहे, आणि आषाढीच्या वारीसाठी दोन्ही पालख्या याच नदीकाठच्या गावांतून निघतात. असे असूनही, ही नदी सुरू कोठे होते, असे विचारले असता फार थोड्यांना कुरवंड्याचे नाव सांगता येते. येथे गंगोत्रीसारखे भव्य दृश्य नाही, हे प्रवाशाने आधीच ध्यानात घ्यावे. सह्याद्रीतील बहुतेक नद्यांप्रमाणे इंद्रायणीही पावसाळ्यात खाचरे, ओहोळ आणि पाणथळ गवताळ जमीन यांतून गोळा होत जाते, आणि उन्हाळ्यात तेथे ओलसर मातीशिवाय फारसे काही दिसत नाही. ज्याला उगमाचा अर्थ कळावा असे वाटत असेल त्याने म्हणूनच तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहावा, कारण तेव्हा पावसाचा जोर ओसरलेला असतो, ओहोळ मात्र वाहत असतात, आणि कोणते पाणी कोणत्या दिशेला निघाले आहे हे डोळ्यांनी पारखता येते.

या पारखण्यातच कुरवंड्याचे खरे वैशिष्ट्य आहे. घाटमाथ्याची कड ही येथे जलविभाजक आहे. म्हणजे पावसाचे पाणी ज्या रेषेवर दोन वेगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत वाटले जाते ती ही रेषा होय. कडेच्या पूर्वेला पडलेले पाणी इंद्रायणीत जाते, तुळापूरला भीमेला मिळते, पंढरपुरात चंद्रभागा हे नाव धारण करते, कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेस कृष्णेत विलीन होते आणि अखेरीस बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच कडेच्या पश्चिमेस काही पावलांवर पडलेले पाणी कडा उतरून अंबा नदीकडे जाते आणि धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. अरबी समुद्र येथून तुलनेने अगदी जवळ आहे, तरीही पूर्वेकडच्या थेंबाला सारे द्वीपकल्प ओलांडून जावे लागते. अशा जागा जगात अन्यत्रही आहेत, आणि त्यांतील काही फार थोड्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात टू ओशन पास नावाच्या खिंडीत एकच ओढा दुभंगतो, त्याचा एक प्रवाह अटलांटिक महासागराकडे आणि दुसरा प्रशांत महासागराकडे जातो. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीत मुरते, आखच्या झऱ्यातून पुन्हा वर येते आणि ऱ्हाइन नदीस मिळते. काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी अशा रीतीने उत्तर समुद्राला जाते. परदेशी जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मोठ्या शहरांच्या यादीत अशी एखादी जागा अवश्य जोडावी, आणि कुरवंड्याची कड आधी पाहिली असेल तर ती अधिक चांगली समजेल.

मावळातील जलविभाजकाची कथा येथेच संपत नाही, कारण विसाव्या शतकात माणसाने तो उलटवला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली. तिने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधून इंद्रायणीच्या खोऱ्यातील पावसाचे पाणी अडवले आणि ते कालवे व नळ यांच्या मार्गाने कड्यावरून खोपोलीच्या वीजगृहात सोडले, जेथे १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. भूगोलाच्या दृष्टीने पाहता, पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेकडे वळवण्याचे हे काम आहे. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेत मिसळते आणि अरबी समुद्रास जाते. लोणावळ्यात तलावाच्या काठी फिरणाऱ्यांना त्याची ही दुसरी बाजू बहुधा ठाऊक नसते, आणि तलाव पाहण्याइतकेच त्यातील पाणी कोठे जाते हे जाणून घेणेही आनंदाचे आहे.

आता घाटवाटेकडे वळता येईल. प्राचीन काळापासून कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांचा व्यापार सह्याद्रीतील अनेक घाटवाटांनी पठारावर चढत असे; जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत, आणि कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी बोरघाटाच्या माथ्यामागेच, या व्यापारी मार्गांच्या सान्निध्यात कोरलेली आहेत. बोरघाटाच्या दक्षिणेस असलेली कुरवंड्याची वाट ही याच जाळ्यातील एक शाखा होय. ही वाट कुरवंड्याहून निघून नागफणीच्या कड्याखालून झाडीत उतरते आणि रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावाकडे जाते. चावणीजवळचा अरुंद, झाडीने वेढलेला भाग उंबरखिंड या नावाने ओळखला जातो.

१६६० साली मोगल सरदार शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. पुढील वर्षाच्या प्रारंभी त्याने कोकणातील प्रदेश जिंकण्यासाठी कारतलबखान या उझबेक सरदाराला रवाना केले. त्याच्या फौजेत माहूरकडील रायबागन ही कर्तबगार सरदार स्त्रीही होती. बोरघाटाच्या आसपास लोहगड, विसापूर आणि राजमाची असे किल्ले असल्यामुळे ती वाट खानाला धोक्याची वाटली असावी. त्याने मोठ्या वाटेऐवजी कुरवंड्याची वाट धरली आणि तिने फौज खाली उतरवली. ही वाट इतकी अरुंद होती की फौजेला पांगून चालणे शक्य नव्हते, झाडी इतकी दाट होती की पुढचे-मागचे दिसत नव्हते. शिवाजी महाराजांचे मावळे दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर लपून होते, आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये फौज पुरती आत शिरल्यावर पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा त्यांनी रोखल्या. नेतोजी पालकर या मोहिमेत महाराजांसोबत होते. पाणी मिळेना आणि हालचाल करता येईना, तेव्हा रायबागनने खानाला शरणागतीचा सल्ला दिला; खानाने खंडणी देऊन अभय मागितले आणि महाराजांनी त्या फौजेला जाऊ दिले. कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या लढाईचे वर्णन आहे. तोफांचा मारा आणि उघड्या मैदानातील घोडदळ हे मोगल सैन्याचे बळ या जागी निरुपयोगी ठरले, कारण लढाईचा निर्णय मुख्यतः भूगोलाने केला. ही गोष्ट ग्रंथात वाचून जितकी पटते त्याहून कितीतरी अधिक त्या उतारावर चालून पटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि मावळातील लोहगडाचा त्यांत समावेश झाला, ही आनंदाची बाब आहे. पण किल्ले ज्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी उभे राहिले त्या घाटवाटा मात्र अजून उपेक्षितच आहेत, आणि त्यांच्याशिवाय किल्ल्यांचा अर्थ अर्धाच राहतो.

कुरवंड्याची वाट मागे पडण्याचे कारण बोरघाटाच्या भाग्योदयात आहे. १८३० साली सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला, आणि १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. बैलगाडी आणि आगगाडी जेथून जाते तेथेच पेठ वसते, धर्मशाळा बांधली जाते आणि पुढे हॉटेलही उभे राहते. बैलाच्या पाठीवरून माल नेणाऱ्या तांड्यांची वाट त्यामुळे आपोआप ओस पडली. एकाच पिढीत खंडाळा-लोणावळा हे हवेशीर ठिकाण म्हणून नावारूपाला आले, आणि कुरवंडे हे शेजारचे एक शेतकरी गाव म्हणून उरले.

नागफणीचा कडा मात्र या विस्मरणातून सुटला. नागाच्या उभारलेल्या फण्यासारख्या आकारावरून स्थानिकांनी त्याला हे नाव दिले, तर इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि त्यांनी त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटले; हा ड्यूक म्हणजेच आर्थर वेलस्ली १८०३ साली फौजेसह पुण्यात आला होता. माथ्यावर महादेवाचे छोटेसे देऊळ आहे. खंडाळ्याच्या बाजूने चढताना खडकाचा अवघड टप्पा लागतो, म्हणून नवख्या प्रवाशाने कुरवंड्याच्या बाजूने जाणारी सोपी वाट धरावी. मराठीत बोलताना मूळ नावच वापरावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते, कारण त्या नावात जागेचा आकार आहे.

प्रवासाच्या काळाबाबत स्पष्ट सल्ला देणे आवश्यक आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस सुमारे ६५ किलोमीटरवरील पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही पडत नाही. त्यामुळे पुण्यात ऊन असताना घाटमाथ्यावर ओढे फुगलेले असू शकतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटनांत काही क्षणांपूर्वी ती जागा निर्धोक भासत होती. म्हणून जून ते ऑगस्ट या महिन्यांत घाटवाट उतरू नये, कड्याच्या काठावर जाऊ नये, आणि वाहत्या पाण्यात, ते घोट्याएवढे असले तरी, मुलांना उभे करू नये. त्या काळात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळी मनाई आदेश काढते, ते निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात पाहून घ्यावेत. उतरणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम होत. मार्चनंतर वाटेवर पाण्याची भरवशाची जागा राहत नाही. कारतलबखानाच्या फौजेचे हाल फेब्रुवारीत झाले होते, हे ध्यानात ठेवून प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे.

वाट दाखवण्यासाठी गावातील माहीतगार माणूस घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. झाडीत गुरांच्या वाटा अनेक फुटतात, मोबाइलचा संपर्क मध्येच तुटतो, आणि चुकीच्या ओहोळात उतरलेला प्रवासी कड्याच्या तोंडाशी जाऊन अडकू शकतो. कड्यांना आग्यामोहोळे लागलेली असतात. धूर, अत्तराचा उग्र वास किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात, त्यामुळे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. गावाजवळच आयएनएस शिवाजी ही नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे, जिची स्थापना फेब्रुवारी १९४५ मध्ये झाली आणि जेथे युद्धनौकांवरील अभियंत्यांना शिक्षण दिले जाते. तिच्या आवाराचे छायाचित्र घेऊ नये, ड्रोन तर मुळीच उडवू नये, आणि ओळखपत्र जवळ बाळगावे.

उगमाजवळची खाचरे ही कोणाची तरी शेते आहेत, एवढे भान असले की वर्तनाचे बाकी नियम आपोआप पाळले जातात. बांधावरून चालावे, उभ्या भातात शिरू नये आणि नेलेला कचरा परत आणावा. जेवणाची सोय गावात आधी सांगून ठेवल्यास होऊ शकते, आणि तसे झाल्यास ताटात मावळचा भात असावा. बाजारात ‘इंद्रायणी’ या नावाने मिळणारा सुवासिक, किंचित चिकट तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ या वाणांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित करण्यात आला. नदीचे नाव घेतलेले हे धान्य नदीच्या उगमाशी खाण्यात एक वेगळीच गोडी आहे.

कुरवंड्यासारखी अन्य स्थळे शोधण्याची एक पद्धत येथे सुचवता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जेथे एकमेकींना चिकटतात तेथे कडा असतो, आणि त्या चिकटलेल्या रेषांतून तुटक रेघेने दाखवलेली पायवाट उतरत असेल तर ती बहुधा घाटवाट असते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाची गावे टिपावीत, कारण घाटवाट नेहमी दोन गावांना जोडते आणि तिची माहिती त्या दोन गावांतच शिल्लक असते. मावळ-मुळशीच्या हद्दीवरील तैलबैला येथून उतरणाऱ्या वाघजाई घाटाच्या पायथ्याला ठाणाळ्याची लेणी आहेत, ती अशा शोधाचे उत्तम फळ होय. आणि कार्ल्याची गर्दी पाहून मागे फिरणाऱ्याने बेडसे येथे जावे, जेथील विहार नेहमीप्रमाणे चौकोनी नसून हत्तीच्या पाठीसारखा मागे गोलाकार व छताला कमानदार आहे. हीच पद्धत परदेशातही चालते. जर्मनीत इ. स. ९ मध्ये तीन रोमन पलटणी जंगल आणि दलदल यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात कापल्या गेल्या, ती जागा ओस्नाब्रुकजवळील काल्क्रीझे येथे असल्याचे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सापडलेल्या नाण्यांवरून व शस्त्रांवरून पुढे आले. आज तेथे संग्रहालय आहे, आणि उंबरखिंड पाहिलेल्या माणसाला तेथील रचना पाहताक्षणी उमगेल.

प्रत्यक्ष दिवस आखताना सकाळी लवकर लोणावळ्यात उतरावे, रिक्षाने कुरवंडे गाठावे, उगमाचा परिसर आणि नागफणी उन्हे चढण्यापूर्वी पाहावीत आणि नऊच्या सुमारास वाटाड्यासह घाट उतरायला लागावे. चालण्याची सवय असलेल्या माणसाला चावणीला पोहोचण्यास साधारण तीन तास पुरतात. लहान मुले किंवा गुडघ्यांचा त्रास असलेली मंडळी बरोबर असतील तर त्यांना वरूनच परतवावे आणि मोटारीने खोपोली-पाली रस्त्यावरून उंबरखिंडीच्या स्मारकाशी बोलवावे. स्मारक ओढ्याच्या काठी आहे. तेथे उभे राहून पाठीमागे वर पाहिले की नागफणीचा कडा आणि उतरून आलेली सारी सोंड एका नजरेत येते, आणि खानाने वरून पाहताना काय गमावले असेल याचा अंदाज बांधता येतो. परतीसाठी खोपोलीहून कर्जतकडे जाणारी लोकल मिळते. गाडीची वाट पाहताना डोंगराकडे तोंड करून उभे राहिले तर कड्यावरून सरळ खाली आलेले वीजगृहाचे जाड नळ दिसतात, आणि सकाळी कुरवंड्याला पाहिलेल्या इंद्रायणीच्या खोऱ्यातील पाणी त्या नळांतून कोकणात उतरत असते.